पंधराव्या शतकातलं फ्लॉरेन्स: लोक, देवधर्म आणि पैसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रेनेसाँस (युरोपातला प्रबोधनकाळ) म्हटलं की आपल्याकडे लिओनार्डो, मायकेलअँजेलो, फार तर मेदिची घराणं एवढी नावं निघतात आणि गाडी चित्रांपाशीच थांबते. चित्रं भारीच आहेत, वाद नाही. पण ती ज्यांच्या पैशातून आणि ज्यांच्या पापपुण्याच्या हिशोबातून झाली ती माणसं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतात, म्हणून इथे चित्रं कमी आणि माणसं जास्त.

एवढा मोठा युरोप सोडून इटलीतलं फ्लॉरेन्सच का?

कारण तिथल्या लोकांना लिहून ठेवायचं व्यसन होतं. व्यापारी घरातला माणूस एक वही ठेवायचा आणि त्यात देणंघेणं, पोराचा जन्म, कुठलं शेत कितीला विकलं, बायको कधी गेली, सगळं एकाखाली एक लिहायचा. त्यात १४२७ मध्ये सरकारनं कातास्तो नावाचा टॅक्स आणला आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाकडून लेखी माहिती मागवली, शहर आणि ताब्यातला तोस्काना प्रांत मिळून साधारण ६०,००० कुटुंबं, घरात माणसं किती, वयं काय, बैल किती, कुणाचं देणं किती. राहतं घर माफ आणि खाणाऱ्या प्रत्येक तोंडामागे २०० फ्लोरिनची (तिथलं सोन्याचं नाणं) सूट, त्यामुळे लोकांनी आपली आजारपणं आणि कर्जं काय रंगवून सांगितलीयत! शेजारच्या प्रातो गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी १४१० मध्ये वारला, त्याच्या मागे सुमारे दीड लाख पत्रं आणि शेकडो हिशोबाच्या वह्या राहिल्या, आणि त्या वह्यांवर लिहायचा काय तर 'देवाच्या आणि नफ्याच्या नावानं'. दोन्ही एकाच ओळीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं त्यातून कळतं.

शहर केवढं होतं?

आजच्या मानानं एखादं तालुक्याचं गाव. १३४८ च्या प्लेगच्या आधी लाखभर तरी वस्ती होती असा अंदाज आहे, प्लेगनं निम्म्याहून जास्त माणसं नेली, आणि १४२७ च्या नोंदीत शहरात जेमतेम ४०,००० च्या आसपास लोक दिसतात. सगळे एकमेकांना ओळखून, निदान कुणाचा कोण ते तरी माहीत.

रेनेसाँसमध्ये लोकांनी धर्म सोडून विज्ञान धरलं ना?

नाही हो. हा समज शाळेच्या पुस्तकातून येतो आणि मग जातच नाही.

शहरात जन्मलेलं जवळपास प्रत्येक पोर एकाच ठिकाणी बाप्तिस्म्याला न्यायचे, सान जोव्हान्नीच्या बाप्तिस्मा-मंदिरात. व्हिल्लानी नावाच्या चौदाव्या शतकातल्या बखरकारानं लिहून ठेवलंय की तिथला पाद्री मुलगा झाला की एक काळा दाणा आणि मुलगी झाली की पांढरा दाणा बाजूला टाकायचा, वर्षाला साडेपाच ते सहा हजार दाणे व्हायचे. म्हणजे ही जनगणनाच झाली, फक्त देवळातून.

पाऊस पडेना किंवा थांबेना, प्लेग आला, शत्रू आला, की इम्प्रुनेता गावची मरियमची तसबीर मिरवणुकीनं शहरात आणायचे. हे साधं लोकांचं खूळ नव्हतं, सरकार ठराव करून बोलवायचं, खर्च सरकारी. सान्तिस्सिमा आनुन्त्सियाता चर्चमधल्या मरियमच्या चित्राबद्दल तर अशी कथा की चित्रकाराला चेहरा जमेना, तो झोपला आणि उठून बघतो तर देवदूतानं चेहरा पुरा केलेला. तिथे नवस फेडायला लोक स्वतःचे मेणाचे पुतळे वाहायचे, माणसाच्या उंचीचे, स्वतःचे कपडे घातलेले, आणि जागा संपली तेव्हा छताला टांगायला लागले. एखादा खाली पडला की ज्याचा पुतळा त्याचं काही खरं नाही असं मानायचे. १४७८ मध्ये शहराचा कारभार हातात असलेल्या लोरेन्त्सो मेदिचीवर भर कॅथेड्रलमध्ये खुनी हल्ला झाला, भाऊ जुलियानो मेला, लोरेन्त्सो मानेला जखम होऊन वाचला, तर त्याच्या माणसांनी लगेच त्याचे असे मेणाचे पुतळे करून घेतले आणि एकाला तर हल्ल्याच्या दिवशीचेच कपडे चढवले. आता हा लोरेन्त्सो म्हणजे प्लेटोवर चर्चा करणारा, कविता लिहिणारा, रेनेसाँसचा पोस्टर बॉय! प्लेटो आणि नवस एकाच घरात सुखानं राहत होते, अडचण आपल्याला होते, त्यांना नव्हती.

व्याज घेणं पाप होतं तर मग बँका कशा चालायच्या?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांब आहे.

चर्चच्या नियमानं कर्जावर व्याज घेणं पाप, मोठं पाप, नरकात नेणारं. आणि फ्लॉरेन्स जगत होतं लोकर, रेशीम आणि बँकिंगवर. १२५२ पासून त्यांचं सोन्याचं नाणं निघायचं, फ्लोरिन, साडेतीन ग्रॅम सोनं, एका बाजूला लिलीचं फूल आणि दुसऱ्या बाजूला संत जॉन, म्हणजे नाण्यावरसुद्धा देव आणि बाजार पाठीला पाठ लावून. मग मार्ग काय काढला, तर हुंडी. तुम्ही इथे फ्लोरिन दिले, लंडनला किंवा ब्रुजला काही महिन्यांनी तिथल्या चलनात परत मिळाले, आणि चलनाच्या भावात जो फरक तो नफा. हे कर्ज नाही, चलनबदल आहे, आणि त्यात भाव उलटा फिरायची रिस्कही आहे, म्हणून पाप नाही. असा युक्तिवाद. धर्मशास्त्रीसुद्धा यावर पानंच्या पानं भांडलेत.

पण मनाला ते पूर्ण पटत नव्हतं हे पैसा कुठे गेला ते बघितलं की कळतं. चौदाव्या शतकातल्या पेरुत्सी, बार्दी या कंपन्यांच्या वह्यांत चक्क देवाच्या नावाचं खातं असायचं, 'मेस्सेर दोमेनेद्दियो', म्हणजे देवसाहेब, आणि त्या खात्यावरचा पैसा गरिबांना जायचा. देव पार्टनर म्हणून! (१३४० च्या दशकात दोन्ही कंपन्या बुडाल्या, पार्टनर असूनही.) पुढे मेदिची बँक १३९७ ची, ती काढणारा जोव्हान्नी दी बिच्ची, आणि त्याचा मुलगा कोसिमो. कोसिमोनं पोप युजीन चौथ्याकडे आपल्या पैशाबद्दलची टोचणी बोलून दाखवली आणि मग सान मार्कोचा मठ स्वतःच्या खर्चानं नव्यानं बांधून दिला, असं त्याला ओळखणारा पुस्तकविक्रेता व्हेस्पासियानो सांगतो. फ्रा आंजेलिकोची शांत, सुंदर भित्तिचित्रं आपण तिथे बघतो ना, ती या टोचणीची पावती. तोच व्हेस्पासियानो कोसिमोचं एक बोलणं सांगतो, त्याचा मतलब असा की मी देवाला कितीही दिलं तरी वहीत त्याच्या नावावर माझं येणं निघेल असं कधी होणार नाही. भक्ती आहे, पण भाषा बघा कुठली आहे.

हे सगळं ढोंग होतं असं काही लोक म्हणतात. मला नाही वाटत. ढोंगाला एवढा पैसा कुणी घालत नाही.

मुहूर्त वगैरे बघायचे का?

बघायचे म्हणजे काय, अगदी काटेकोर. फिलिप्पो स्त्रोत्सीनं आपल्या वाड्याचा पहिला दगड ६ ऑगस्ट १४८९ ला पहाटे सूर्य उगवताना बसवला, कारण ज्योतिषांनी ती वेळ काढून दिली होती, आणि सल्ला देणाऱ्यांत मार्सिलियो फिचिनो होता ज्यानं प्लेटोचं सगळं लिखाण लॅटिनमध्ये आणलं. सेनापतीच्या हातात अधिकारदंड द्यायचा तो पण ज्योतिषानं सांगितलेल्या घटकेला. विरोध करणारेही होते, पिको देल्ला मिरान्दोलानं ज्योतिषाविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला, पण वाडे बांधणाऱ्यांवर फार परिणाम झालेला दिसत नाही.

लग्नं कशी ठरायची?

मुलगी १५ ते १८, मुलगा तिशीच्या आसपास, आणि मधे हुंडा. हुंडा इतका वाढला की १४२५ मध्ये सरकारनंच हुंड्याचा फंड काढला, मोन्ते देल्ले दोती. मुलगी लहान असताना पैसे भरायचे, साडेसात किंवा १५ वर्षांनी लग्न झालं की रक्कम वाढून जावयाला मिळायची. सरकारला मिलानशी युद्धाला पैसे हवे होते, ही खरी गोम. सुरुवातीला मधेच मुलगी मेली तर पैसे बुडीत, म्हणून लोक फिरकेनात, मग १४३३ मध्ये मुद्दल परत द्यायचा नियम केला आणि रांग लागली.

आलेस्सान्द्रा स्त्रोत्सी नावाच्या विधवेची पत्रं आहेत, मुलं हद्दपार होऊन नेपल्सकडे आणि ही इकडे घर सांभाळतेय. १४४७ मध्ये मुलाला लिहिते की तुझ्या बहिणीचं, कातेरिनाचं, मार्को पारेन्ती नावाच्या रेशीमवाल्याशी ठरवलं, हुंडा १,००० फ्लोरिन, त्यातले ५०० फंडातून पुढच्या वर्षी मिळणारे, चौदा-पंधराशे घातले असते तर याहून बड्या घरात देता आली असती पण तुमचं काय उरलं असतं. वाचताना गलबलतं, आणि त्याच वेळी बाई हिशोबाला किती पक्की आहे तेही दिसतं.

आणि दुसरं पत्र १४६७ चं. लोरेन्त्सोची आई लुक्रेत्सिया तोर्नाबुओनी मुलासाठी स्थळ बघायला रोमला गेली होती, ऑर्सिनी घराण्यातली क्लारिचे. नवऱ्याला रिपोर्ट पाठवते: उंची चांगली आहे, गोरी आहे, स्वभावानं गोड पण आपल्या पोरींइतकी चटपटीत नाही, केस तांबूस, चेहरा जरा गोल, मान जरा पुढे झुकवते, लाजत असेल, आणि अंगानं कशी आहे ते नीट कळलं नाही कारण इथल्या बायका सगळं झाकून घेतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाहून परत येताना रिक्षात जे बोलणं होतं ते हेच, शब्दाला शब्द. (लग्न झालं, १४६९ मध्ये.)

बायकांना काही स्वातंत्र्य होतं का?

पत्रं लिहिणाऱ्या, घर चालवणाऱ्या, लुक्रेत्सियासारख्या कविता करणाऱ्या होत्या. पण कायद्यानं स्वतःच्या नावानं मोठा व्यवहार करायचा तर पुरुष पालक लागायचा. हुंडा जमला नाही त्या कितीतरी मुलींना कॉन्व्हेंटमध्ये पाठवायचे, तिथेही द्यावं लागायचं पण कमी. आणि कपड्यांवर सरकारी नजर, बटणं किती, कापड कसलं, बाह्या केवढ्या, यासाठी वेगळे अधिकारी नेमलेले.

गुलाम होते का? कुठल्या पुस्तकात वाचलं नाही कधी.

होते. प्लेगनंतर कामाला माणसं मिळेनात तेव्हा १३६३ मध्ये शहरानं ख्रिश्चन नसलेले गुलाम आणायला परवानगी दिली, आणि काळ्या समुद्राकडून तार्तार, सर्केशियन वगैरे आले, बहुतेक तरुण मुली, घरकामाला. त्यांना मालकाकडून पोरं व्हायची हे उघड गुपित होतं. कोसिमोचा एक मुलगा कार्लो अशाच सर्केशियन बाईचा, मादालेना, व्हेनिसला विकत घेतलेली. पोराला चर्चमध्ये चांगलं पद मिळवून दिलं.

सगळ्या पोरांचं नशीब असं नव्हतं. रेशीमवाल्यांच्या गिल्डनं (म्हणजे धंदेवाल्यांच्या संघटनेनं) वास्तुकार ब्रुनेलेस्कीकडून १४१९ पासून अनाथालय बांधून घेतलं, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, आणि १४४५ मध्ये ते सुरू झालं. पहिलं बाळ ५ फेब्रुवारीला आलं, मुलगी, त्या दिवशी संत आगाथाचा सण म्हणून तिचं नाव आगाता स्मेराल्दा. सुरुवातीच्या बाळांत गुलाम आणि मोलकरणींची पोरं बरीच होती. ती सुंदर निळी मेडलियनवाली कमान कॅलेंडरवर बघताना हे कुणी सांगत नाही.

म्हणे लोकशाही होती तिथे?

प्रजासत्ताक म्हणायचे. नऊ जणांचं सरकार, मुदत फक्त दोन महिने, आणि नावं चामड्याच्या पिशवीतून चिठ्ठ्या काढून निवडायची. ऐकायला एकदम फेअर. पण पिशवीत चिठ्ठी पडायला गिल्डचा मेंबर पाहिजे, टॅक्स भरलेला पाहिजे, आणि लोकर पिंजणारे, धुणारे जे हजारो मजूर त्यांना गिल्डच नाही. १३७८ मध्ये ते उठले, चोंपी म्हणतात त्यांना, मिकेले दी लान्दो नावाचा लोकर कामगार काही आठवडे शहराचा प्रमुख झाला, मग सगळं दाबून टाकलं. १४३४ मध्ये कोसिमो हद्दपारीतून परत आला त्यानंतर मेदिचींनी पिशवी तशीच ठेवली, फक्त आत कुणाच्या चिठ्ठ्या पडणार हे ठरवणारे लोक आपले बसवले. हुशार माणूस.

चित्रकारांना केवढा मान असेल ना!

कारागिराएवढा. चित्रकार डॉक्टर-औषधवाल्यांच्या गिल्डमध्ये, कारण रंग औषधाच्या दुकानातून यायचे. सोनार रेशीमवाल्यांबरोबर. गिरलान्दायोनं १४८५ मध्ये त्याच अनाथालयाच्या चर्चसाठी जे चित्र काढायला घेतलं त्याच्या करारात लिहिलंय की निळा रंग औंसाला साधारण चार फ्लोरिनवाला पाहिजे आणि एकूण मेहनताना ११५ फ्लोरिन. तो निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा. आज आपण रचना, भावना वगैरे बघतो, गिऱ्हाईक आधी निळा बघायचं.

समलिंगी लोकांबद्दल काय धोरण होतं?

कायद्यानं गुन्हा, आणि १४३२ ते १५०२ यासाठी खास 'रात्रीचे अधिकारी' होते, निनावी तक्रारी टाकायला पेट्या लावलेल्या. त्या ७० वर्षांत साधारण १७,००० जणांची नावं कधी ना कधी आली, एवढ्याशा शहरात! शिक्षा बहुतेक वेळा दंड. १४७६ मध्ये एका निनावी चिठ्ठीत लिओनार्डोचं नाव होतं, ती केस पुढे टिकली नाही.

नवीन वर्ष मार्चमध्ये असायचं हे खरं का?

हो, २५ मार्चला, मरियमला देवदूतानं बातमी सांगितली तो दिवस, आणि हे १७५० पर्यंत चाललं. म्हणून कागदावर फेब्रुवारी १४२० असेल तर आपलं १४२१. दिवससुद्धा सूर्यास्तापासून मोजायचे, कॅथेड्रलमध्ये चित्रकार उच्चेल्लोनं १४४३ मध्ये रंगवलेलं २४ तासांचं घड्याळ अजून तसंच चालतं आणि काटा उलटा फिरतो.

जेवायला काय असायचं? पिझ्झा-पास्ता?

टोमॅटो नाही! मिरची नाही, बटाटा नाही, हे सगळं अमेरिकेहून नंतर आलं. ब्रेड, वाईन, डाळी-शेंगा, चीज, परवडलं तर मांस, शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांस बंद. दातिनी १३९९ मध्ये पांढरे कपडे घालून प्रायश्चित्ताच्या नऊ दिवसांच्या पदयात्रेला गेला, पण बरोबर दोन घोडे आणि एक खेचर, त्यावर मिठाईचे डबे, चीज, ताजा ब्रेड, गोड आणि बिनगोड टार्ट. उपास मोडला नाही हां, फक्त मांस खायचं नव्हतं.

सावोनारोला म्हणजे तो पुस्तकं जाळणारा ना?

तोच, पण एवढ्यावर सोडू नका. फेर्रारा शहराचा, डोमिनिकन पंथाचा साधू, आणि राहायचा कुठे तर सान मार्कोमध्ये, मेदिचींच्या पैशानं बांधलेल्या त्याच मठात, आणि तिथूनच त्यानं मेदिचींच्या थाटावर तोंडसुख घेतलं. १४९४ मध्ये फ्रेंच राजा फौज घेऊन आला, मेदिची पळाले, आणि हा आधीपासून सांगत होता की देवाची तलवार येणार, त्यामुळे लोकांना तो खरा प्रेषित वाटला. त्याच्या सांगण्यावरून मोठी कौन्सिल झाली, ३,००० च्या वर माणसांना आत जागा मिळाली, म्हणजे मेदिचींच्या पिशवीपेक्षा खूपच मोकळा कारभार. गरिबांना स्वस्तात कर्ज देणारी सरकारी पेढीही याच काळातली, तिच्यामुळे ज्यू सावकारांची गरज संपवायची होती. इथे त्याच्या प्रवचनांतला द्वेषही लपत नाही.

७ फेब्रुवारी १४९७ ला कार्निव्हलच्या दिवशी होळी पेटली: मुखवटे, फासे, आरसे, केसांचे टोप, अत्तरं, वाद्यं, पुस्तकं. पोरांच्या टोळ्या दारोदार जाऊन गोळा करायच्या, नाही म्हणायची हिंमत कोण करणार. बॉटिचेल्लीनं स्वतःची चित्रं त्यात टाकली ही गोष्ट सगळीकडे फिरते, तिला त्या काळचा पुरावा नाही.

पोपनं बहिष्कृत केलं तरी तो हटला नाही, पण लोकांची श्रद्धा कशानं तुटली बघा. एप्रिल १४९८ मध्ये दुसऱ्या, फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी आव्हान दिलं की दोन्हीकडचे आगीतून चालू, ज्याला देव वाचवेल तो खरा. अख्खं शहर चौकात जमलं, आणि साधू तासन्‌तास यावर भांडत बसले की आत जाताना अंगावर काय असावं, हातात पवित्र प्रसाद चालेल का, मग पाऊस आला आणि सगळं रद्द. दुसऱ्या दिवशी जमावानं सान मार्कोवर हल्ला केला. म्हणजे लोक धर्माला कंटाळले म्हणून त्याच्यावर उलटले असं नाही, चमत्कार झाला नाही म्हणून उलटले. २३ मे ला फाशी देऊन जाळला, आणि राख आर्नो नदीत टाकली, कारण हाडाचा तुकडा जरी उरला असता तरी कुणीतरी तो पुजायला घेऊन गेलं असतं.

भारताशी, गोव्याशी काही संबंध?

आहे. आन्द्रेआ कोर्साली नावाच्या फ्लॉरेन्सवाल्यानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कोचीनहून जुलियानो मेदिचीला (वर ज्याचा खून झाला त्याच्या पुतण्याला, नाव तेच) पत्र लिहिलं, त्यात गुजराती लोकांबद्दल सांगतो की रक्त असलेलं काही खात नाहीत आणि कुठल्याही जिवाला इजा करू देत नाहीत, आपल्या लिओनार्डो दा विंचीसारखे. लिओनार्डो शाकाहारी होता याचा हा पुरावा, आणि आला कोचीनहून!

फिलिप्पो सास्सेत्ती हा जुन्या बँकर घराण्यातला, त्याच घराण्यानं सान्ता त्रिनिता चर्चमधलं गिरलान्दायोनं रंगवलेलं चॅपल करून घेतलं. हा मिरीच्या व्यापारासाठी कोचीन आणि गोव्यात राहिला, झाडंपाला, औषधं यांची माहिती घरी लिहून पाठवली, आणि संस्कृतमधली आकड्यांची नावं इटालियन नावांसारखी लागतात हे त्याच्या लक्षात आलं, संस्कृत आणि युरोपीय भाषांचं नातं मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या दोनशे वर्षं आधी. १५८८ मध्ये गोव्यातच वारला.

आणि जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लॉरेन्सचा आहे. तिसऱ्या कोसिमो मेदिचीनं शिल्पकार फोज्जिनीकडून करवून घेतला, तुकडे जहाजानं आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले. काळ रेनेसाँसनंतरचा आहे हे मान्य. पण पुढच्या वेळी गेलात तर सगळ्यांसारखं फक्त वर पेटीकडे बघू नका, चौथऱ्यावरचे ब्राँझचे चार पॅनल पण बघा, संताच्या आयुष्यातले प्रसंग आहेत त्यांवर.